अर्धा तास शांत बसावे

थंडोबाला कुणी शांत बसायला सांगावं, हा त्याच्या मते माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार होता. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर तो एकोणीस वर्षं बसत होता आणि त्याला हे नाव पडलं होतं तेच मुळी त्याच्या शांतपणामुळे. चार-चार दिवस अंधारात काढलेली माणसं तापून यायची, काचेवर थापा मारायची, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. थंडोबा चष्मा नाकावर वर ढकलायचा आणि विचारायचा, "तुमच्याच घरी नाही, की शेजारीही नाही?" माणूस क्षणभर विचारात पडायचा, कारण शेजारी जाऊन त्यानं पाहिलेलंच नसायचं. तेवढ्यात थंडोबा पावती फाडून त्याच्या हातात ठेवायचा. "नोंद घेतली आहे. पुढचे."

त्यामुळे हार्मोनच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'रक्त देण्यापूर्वी अर्धा तास शांत बसावे' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, तेव्हा थंडोबाला दुखण्यापेक्षा त्या रेघा जास्त लागल्या.

आता दुखणं काय होतं ते सांगायला हवं, आणि तिथंच तर सगळी गाडी अडत होती. दुखत काहीच नव्हतं. नवरा-बायकोत जे व्हावं ते दीड वर्षापासून होत नव्हतं, एवढंच. आधी कधीतरी होईना, मग कधीच होईना, आणि पुढे पुढे तर व्हावंसं वाटेनासंच झालं. दर वेळी थंडोबा म्हणायचा, "आज जरा दमलोय." दर वेळी बायको म्हणायची, "असू दे हो." असं सहा-सात वेळा झाल्यावर दोघांनाही ती वाक्यं पाठ झाली आणि मग ती म्हणायची वेळही येईनाशी झाली. हे सगळं सुरू व्हायच्या थोडं आधीच मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती, तिची खोली रिकामी पडली होती. एका उकाड्याच्या दिवशी बायको "तिकडचा पंखा बरा आहे" म्हणून तिथं झोपायला गेली. उकाडा संपला, थंडी आली, पंखे बंद झाले. बायको तिकडेच राहिली. भांडण झालं नाही की अबोला झाला नाही. एका छपराखाली दोन सज्जन भाडेकरू राहावेत तसे ते राहू लागले, एकमेकांना आधी न्हाणीघरात जाऊ देणारे.

अशा बाबतीत माणूस करणार काय? वीज गेली तर खिडकीतून डोकं बाहेर काढून 'तुमच्याकडे आहे का हो?' असं विचारता येतं. या बाबतीत शेजारी चौकशी करायची सोय नाही. पुरुषांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर प्रत्येकाच्या घरी चोवीस तास लख्ख उजेड असतो. थंडोबानं वर्षभर वाट पाहिली, आपोआप येईल म्हणून. तक्रार खिडकीवर बसणाऱ्या माणसाचा आपोआप येण्यावर फार विश्वास असतो. शेवटी अंग जड पडतं, थकवा वाटतो असं काहीबाही सांगून त्यानं नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं. त्यांनी कागद पाहिला, थंडोबाकडे पाहिलं आणि हार्मोनच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

हार्मोनच्या डॉक्टर निघाल्या बाई, आणि त्याही त्याच्या मुलीहून जेमतेम चार वर्षांनी मोठ्या. थंडोबा दारातूनच परतणार होता, पण त्यांनी "या काका, बसा" म्हटलं आणि पंचाईत झाली. काका म्हणणाऱ्या मुलीला हे सांगायचं कसं? त्यानं डोळे मिटून खिडकीवरची भाषा वापरली.

"सुरुवात अंदाजे दीड वर्षापूर्वी. आधी अधूनमधून, नंतर सलग. गेलं वर्षभर पूर्ण बंद."

"काय बंद, काका?"

थंडोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाला, "ते."

डॉक्टरबाई हुशार होत्या. त्या हसल्या नाहीत, हेही थंडोबानं लक्षात ठेवलं. त्यांनी कागद समोर धरला आणि म्हणाल्या, "हे बघा, हे प्रोलॅक्टिन. बाळंतिणीला दूध यावं म्हणून शरीरात वाढतं ते. पुरुषांतही असतं, पण थोडं. तुमचं तिप्पट आहे."

थंडोबानं नकळत शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

"हे वाढलं की पुरुषांचं म्हणून जे हार्मोन असतं ते दबतं. मग इच्छाही जाते आणि ताकदही जाते. यात तुमची काही चूक नाही, काका."

दीड वर्षात हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण? कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यानं कॅलेंडरवरच्या पुढच्या तीन महिन्यांच्या सुट्ट्या मोजून काढल्या. मग विचारलं, "बरं होतं?"

"कारण सापडलं की होतं. मेंदूच्या खाली एक छोटीशी ग्रंथी असते, तिथं कधी कधी गाठ असते. घाबरू नका, तीही बहुतेक वेळा गोळ्यांनी जाते. पण डोक्याचा फोटो काढायच्या आधी रक्त पुन्हा बघू. हे हार्मोन ताणानंही चढतं. भीती, धावपळ, व्यायाम, झोप, कशानंही. तुम्हाला ताण आहे का?"

"मला?" थंडोबा म्हणाला. "अहो, मला ऑफिसात..." आणि तो थांबला. एकोणीस वर्षं छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलेलं नाव या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं, हे त्याच्या अगदी वेळेवर ध्यानात आलं.

"काही औषधं चालू आहेत?"

"छे. मी गोळ्या खाणाऱ्यांतला नाही."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. उठल्यानंतर तीन तासांनी, उपाशीपोटी, श्रम न करता, आणि त्या दोन रेघांसकट शांत बसून. थंडोबानं चिठ्ठीच्या आठ घड्या घातल्या आणि ती ऑफिसच्या ओळखपत्रामागे सरकवली. पण 'गाठ' हा शब्द काही कुठे सरकवता येईना. तो त्यानं घरी नेला, जेवायला बसताना बरोबर घेतला, टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बसला. बायको समोरच्या खुर्चीवर एका ब्लाउजची उसवलेली शिवण घालत होती. ती शिवणवर्ग चालवायची आणि घरीही तिच्या हातात काही ना काही असायचंच. दोनदा थंडोबानं तोंड उघडलं. एकदा तिनं विचारलं, "काही म्हणालात?" तो म्हणाला, "नाही, जांभई."

आता आठला रक्त द्यायचं तर पाचला उठायला हवं. साडेसातला उठणारा माणूस पाचला उठला तर घरात प्रश्न येणार. म्हणून त्यानं आदल्या दिवशी सहज जाहीर केलं, "उद्यापासून मी सकाळी फिरायला जाणार आहे." बायकोनं सुई तशीच धरून त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

तपासणी केंद्राच्या खिडकीवर एक तरुण कारकून होता. थंडोबानं चिठ्ठी आत सरकवली. कारकुनानं ती उघडता उघडता आठ घड्यांबद्दल एक उसासा सोडला आणि मग खणखणीत आवाजात वाचली, "प्रोलॅक्टिन! पेशंट कुठे आहे? बाईंना पुढे पाठवा!"

"मीच आहे," थंडोबा पुटपुटला.

"हे बायकांचं असतं."

"पुरुषांचंही असतं. थोडं."

हॉलमधली सतरा माणसं वळली. कारकुनानं आत ओरडून कुणालातरी विचारलं, आतून कुणीतरी "असतं, असतं, घे!" म्हणून ओरडलं. थंडोबा खुर्चीवर शांत बसला. म्हणजे हात मांडीवर, पाय जवळ, नजर समोर. बाहेरून पाहणाऱ्याला शांततेचा पुतळाच. अर्ध्या तासानं रक्त काढणाऱ्या बाईंनी त्याचा दंड बांधला, नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढी पळतीय? काका, घाबरलात की काय?"

"मी?" थंडोबा म्हणाला. "मी कधीच घाबरत नाही." आकडा आला तो आधीपेक्षाही वर. डॉक्टरबाईंनी लिहिलं, 'पुन्हा.' आणि रेघा तीन मारल्या.

पुन्हा रक्त द्यायला नवी चिठ्ठी लागायची, नव्या चिठ्ठीवर शिक्का लागायचा, शिक्का डॉक्टरबाईंच्या मदतनिसाकडे असायचा आणि मदतनीस मंगळवार-शुक्रवारी यायचा. "शिक्का नाही," म्हणून तपासणी केंद्राच्या कारकुनानं चिठ्ठी जेव्हा परत सरकवली, तेव्हा थंडोबाला राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. न बघता सरकवणं, सरकवताना पुढच्याकडे बघणं, आवाजात ना राग ना लोभ. पोराला हात चांगला होता. पण या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहणं त्याला नवीन होतं, आणि इथून काच फारच जाड दिसत होती.

दरम्यान फिरण्याचं प्रकरण अंगाशी आलं. इमारतीत निवृत्त झालेले एक पीटीचे सर राहायचे. निवृत्त फक्त शाळेतून झाले होते, शिट्टी अजून गळ्यात होती. थंडोबा सकाळी सव्वापाचला जिन्यातून उतरताना त्यांना दिसला आणि त्यांना गहिवरून आलं. "शेवटी आलात! मी म्हणतच होतो, हा माणूस एक दिवस येणार." त्यांची एक फेरीमंडळी होती, नऊ जणांची. थंडोबा दहावा झाला. नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण ओळखपत्रामागे आठ घड्यांत होतं.

रक्त द्यायच्या दिवशीही सरांनी त्याला फाटकात गाठलं. तो म्हणाला, "आज जरा हळू." सर म्हणाले, "हळू म्हणणाऱ्यालाच गरज असते." चार फेऱ्या, मग हात वर, हात खाली, मग शिट्टीबरोबर जागच्या जागी उड्या. तिथून थंडोबा थेट तपासणी केंद्रात आला तो घामानं निथळत. रक्त काढणाऱ्या बाईंनी सुई परत ठेवली. "काका, श्रम नाही म्हणून लिहिलंय ना? आता शुक्रवारी या."

शुक्रवारी त्यानं पक्का बंदोबस्त केला. सरांना चुकवायला मागच्या जिन्यानं उतरला, केंद्र उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसला, आत गेल्यावर कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि मनाशी ठरवलं, आज जगाला शांतता काय असते ते दाखवायचं. डोळे मिटले. श्वास मोजले. इतकी शांतता साधली की शेजारच्या माणसाच्या खांद्यावर मान टाकून तो पंचवीस मिनिटं झोपला. बाईंनी हलवून उठवलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "झोपेतही चढतं हो ते!"

थंडोबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाच्या तरी काचेवर थाप मारावीशी वाटली. जागं राहायचं पण धावायचं नाही, बसायचं पण डुलकायचं नाही, आणि मुख्य म्हणजे घाबरायचं नाही. डोक्यात गाठ आहे की नाही ते बघायला आलेल्या माणसानं घाबरायचं नाही!

बाईंना दया आली असावी. चिठ्ठी परत देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू? घरचं कुणीतरी घेऊन या. सोबत असलं की काही जणांची नाडी आपोआप खाली येते."

त्या दिवशी तक्रार खिडकीवर गर्दी कमी होती आणि थंडोबाला विचार करायला वेळ होता. सोबत कुणाला न्यावं? कुणाच्या शेजारी बसलं की आपल्याला बरं वाटतं? त्यानं एकेक माणूस मनात खुर्चीवर बसवून पाहिला. ऑफिसातला शेजारचा कारकून. तो दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर सांगेल. पीटीचे सर, ते शिट्टी वाजवतील. मुलगी; ती फोनवर बापाशी बोलायची ते रविवारी, आईबाबा दोघं फोनभोवती बसलेले असताना, आणि तेवढी दहा मिनिटंच ते दोघं एकमेकांशीही हसून बोलायचे. तिला हे सांगणार? एक जुना मित्र होता. त्याचा नंबर लावला तर तो दुसऱ्याच कुणाचातरी झालेला. एक्कावन्न वर्षांचा माणूस, रोज दीडशे जणांशी बोलणारा, आणि अर्धा तास शेजारी बसायला एक माणूस सापडेना. फार एकटं वाटलं त्याला. बायकोचं नाव त्यानं यादीत घेतलंच नव्हतं. तिच्यापासूनच तर लपवायचं होतं.

पण लपवायचं कुणाच्या हातात असतं? फेरीमंडळींपैकी एकानं त्याला तपासणी केंद्राच्या पायरीवर बसलेला पाहिला होता. उपाशीपोटी, सकाळी, आणि तेही वारंवार म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? साखर! दोन दिवसांत इमारतीत बातमी पक्की झाली. फेरीमंडळीत आठ जणांनी आठ उपाय सांगितले, नवव्यानं ते आठही करून कसे पाय गेले ते सांगितलं. पीटीच्या सरांनी उड्या दुप्पट केल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू कसलातरी हिरवा कडू रस घेऊन आल्या आणि थंडोबा घरी नव्हता म्हणून तो त्याच्या बायकोच्या हातात देत म्हणाल्या, "एवढी साखर वाढली आणि आम्हाला बोललीसुद्धा नाहीस?"

संध्याकाळी थंडोबा घरी आला तेव्हा त्या रसाचा पेला टेबलावर झाकून ठेवलेला होता आणि बायको शिवणाशिवाय बसली होती. तिला रिकाम्या हातांनी बसलेली पाहून तो दारातच थबकला.

"तुम्हाला साखर झालीये?"

"नाही."

"मग सकाळी सकाळी त्या केंद्रात कशाला जाता? फिरायला जातो म्हणालात मला."

थंडोबाच्या तोंडी 'नोंद घेतली आहे' आलं होतं, पण ते त्यानं गिळलं. खोटं सांगायचं तर आता नवीन काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगायला जीभ वळत नव्हती. तो एवढंच म्हणाला, "मंगळवारी माझ्याबरोबर येशील? एका ठिकाणी अर्धा तास बसायचंय."

"कशाला?"

"नुसतं बसायला."

बायकोनं पेल्यावरचं झाकण उगाचच नीट बसवलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "वकिलाकडे का?"

थंडोबाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीत बसला. त्यानं नुसती जोरजोरात मान हलवली, इतकी की चष्मा खाली पडला. तो तिनं उचलून दिला.

मंगळवारी दोघं केंद्रात गेले. बायकोनं बसल्या बसल्या सगळ्या भिंती वाचल्या, मग थंडोबाच्या हातातला नाव-वय लिहायचा कागद घेतला, कारण तो त्यानं अर्धवटच भरला होता. ती लिहू लागली आणि मध्येच थांबली.

"इथं 'चालू औषधे' पुढे 'नाही' का लिहिलंत?"

"नाहीच घेत मी."

"रोज सकाळी गोळी घेता की चहाच्या आधी."

"ती? ती तर तू बशीत ठेवतेस."

"मग मी ठेवते ते औषध नाही का?"

खरंच, तो विचार थंडोबानं कधी केलाच नव्हता. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते, चिठ्ठीवरचं, दुकानातून आणायचं. सकाळी बशीच्या काठावर जी छोटी गोळी असायची ती औषध नव्हती, ती बायकोची होती. मुलगी गेल्यापासून त्याच्या छातीत जळजळायचं, तेव्हा तिनं औषधवाल्याला विचारून आणली होती आणि तेव्हापासून एक दिवस न चुकता ठेवली होती. खोल्या वेगळ्या झाल्या तरी गोळी चुकली नव्हती. हे हार्मोनच्या डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

पलीकडे रक्त काढणाऱ्या बाईंचे कान टवकारले गेले होते. "कुठली गोळी, वहिनी?" बायकोनं पर्समधून रिकामं पाकीट काढून दाखवलं, नवं आणताना नाव चुकू नये म्हणून ती ते जवळ ठेवायची. बाईंनी ते वाचलं, सुई तिसऱ्यांदा बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना भेटा. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरबाईंनी पाकीट पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "काका, मी विचारलं होतं ना!" मग दोघांना समजावून सांगितलं. या एका गोळीत दोन औषधं असतात. एक जळजळीचं, ते राहू दे. दुसरं मळमळीचं; ते चार-आठ दिवस ठीक, पण रोज, वर्षानुवर्षं घ्यायचं नसतं. काहींच्या शरीरात त्यानं हेच हार्मोन चढतं. आणि ते चढलं की काय होतं तेही त्यांनी त्याच्या बायकोला सरळ सांगितलं, ऋतुमानाबद्दल बोलावं तसं. थंडोबा कॅलेंडरकडे पाहत होता. नवा महिना लागला होता.

"गोळी आजपासून बंद. तीन आठवड्यांनी रक्त बघू. उतरलं तर डोक्याचा फोटो लागणारही नाही. बाकीचं हळूहळू येईल. घाई करू नका, आणि एकमेकांपासून लपवू नका."

दोघं बाहेर पायऱ्यांवर आले. तिथं बायको कठड्याला धरून उभी राहिली. "डोक्याचा फोटो? म्हणजे एवढे दिवस तुम्ही गाठीचं मनात घेऊन हिंडत होतात? एकटेच?"

"तुला उगाच घोर कशाला."

"आणि मी माझ्याच हातानं रोज..."

"तू काळजीनं दिलीस."

"काळजी!" ती म्हणाली, आणि मग दीड वर्ष आवरून धरलेलं सगळं भर रस्त्यात बाहेर आलं. "मला वाटलं, मीच तुम्हाला नकोशी झाले. आरशात बघायची मी. वाटायचं, एवढी का म्हातारी दिसायला लागले? तुम्ही पाचला उठून बाहेर जायला लागलात तेव्हा तर वाटलं, झालं, आता दुसरं कुणीतरी असणार. वर्गातल्या मुलींना काजाचे टाके दाखवताना डोळे भरायचे माझे. एकदा, अहो एकदा तोंड उघडून सांगितलं असतंत!"

येणारे-जाणारे पाहत होते. एरवी कुणी असा आवाज चढवला की थंडोबाकडे त्यावर एकोणीस वर्षांची उत्तरं तयार असायची. आज एकही लागू पडेना. आपल्या एका गप्प बसण्यानं या बाईला दीड वर्ष आरशासमोर उभं केलं, याची त्याला फार लाज वाटली. तो म्हणाला, "चुकलं माझं." आणि मग त्याला स्वतःलाच रडू आलं, ते काही केल्या थांबेना. बायकोनं पर्समधून रुमाल काढला, आधी स्वतःचे डोळे पुसले, मग तोच त्याला दिला.

तीन आठवड्यांनी आकडा उतरून जागेवर आला. फोटो लागला नाही. कारकुनानं कागद देताना "उतरलं हो तुमचं प्रोलॅक्टिन!" असं सगळ्या हॉलला सांगितलं आणि दोन-चार जणांनी अभिनंदनही केलं. इमारतीत मात्र साखर कायम राहिली. ती नाही म्हणून सांगितलं असतं तर मग काय होतं असा प्रश्न आला असता. वरच्या काकूंचा कडू रस थंडोबा आजही पितो.

बाकीचं हळूहळू येईल म्हणाल्या होत्या, तसं ते हळूहळूच येत होतं. थंडोबाला ते सकाळी उठताना जाणवायला लागलं होतं, पण जाऊन सांगणार कसं? अर्ज करायची ती गोष्ट नव्हे. रक्तातलं उतरायला तीन आठवडे पुरतात. दोन खोल्यांत झोपायची सवय रक्तात नसते, ती गोळी बंद करून जात नाही. दिवसा आता दोघं बोलायचे, हसायचे, भाजी आणायला बरोबर जायचे. जेवणं झाली की मात्र ती तिकडे, तो इकडे. कुणी पहिलं पाऊल टाकायचं, यावर दोघंही मुकाट्यानं थांबून होते.

एका रविवारी मुलीचा फोन होऊन गेला. बायको वाळलेल्या चादरी घेऊन आली आणि घड्या घालता घालता त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. थंडोबा पलंगावर वर्तमानपत्र वाचत होता. तिनं एक चादर नीट जुळवली, पुन्हा मोडली, पुन्हा जुळवली.

"काय हो," चादरीकडेच बघत तिनं विचारलं, "तुम्ही अजून घोरता का?"

थंडोबानं वर्तमानपत्र खाली घेतलं आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "ऐकायला कोण होतं?"

बायकोनं चादरीची शेवटची घडी घातली, ती त्याच्या पलंगाच्या रिकाम्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बघते आज."